वाकेनवीस ते डीमन : जागत्या कारकुनाचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या मुलांनी पाऊस मोजणारं एक यंत्र बसवलं. त्याची तार प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला जोडली. दर मिनिटाला एक आकडा यायचा आणि छोटासा प्रोग्रॅम तो फाईलमध्ये लिहायचा. एका संध्याकाळी घरी जाताना मी सवयीने पडद्यावरची खिडकी बंद केली. त्या रात्री धो धो पाऊस पडला. सकाळी फाईल उघडली तर संध्याकाळनंतर एक ओळ नाही. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, पाऊस तर पडला, मग यात का नाही?"

प्रश्न साधा होता, पण त्यामागचा इतिहास मोठा आहे. घडलेलं नोंदवायचं असेल तर कोणीतरी जागं असावं लागतं. तो जागा कारकून आपल्याकडे फार जुना आहे. उर्दू वाचकांना 'वाकिआनवीस' हा शब्द परका नाही : घडामोडी लिहिणारा. मराठीत तो वाकेनवीस झाला आणि पुढे वाकनीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री हेच वाकनीस. महाराजांची रोजची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. आज कित्येक घरांत ते आडनाव म्हणून नांदतं.

अकबराच्या दरबारातली पद्धत अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त सांगितली आहे. या कामावर चौदा कारकून होते. रोज दोघांची पाळी. लिहिलेलं तपासलं जाई, बादशहासमोर ठेवलं जाई, मग नक्कल करून त्यावर सह्या होत. त्या नकलेला नाव होतं 'याददाश्त'. आज आपण तो शब्द स्मरणशक्तीसाठी वापरतो. चौदा माणसं का? कारण एक माणूस झोपतो, आजारी पडतो, विसरतो. राज्याची आठवण एकाच्या डोळ्यांवर सोडता येत नाही.

हीच शिस्त पुढे विज्ञानात दिसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद नियमाने सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचं काम पाहिलं होतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून निघालेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोपात तोवर आपोआप नोंद करणारी यंत्रं आली होती : प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढत जाई. पण वादळ इतकं मोठं की केव आणि ग्रीनिच इथे ठिपका कागदाच्या बाहेरच निघून गेला. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी वाचून हाताने आकडे लिहीत होती. चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाली ती त्यांनी टिपली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची ताकद नव्याने मोजली. आकडे लिहिणाऱ्यांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत, आकडे मात्र जगभर पोचले.

आता तारेकडे वळू. एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याने १८७४ साली पाच खुणांच्या संकेताचं पेटंट घेतलं. 'बॉड' हे वेगाचं माप त्याच्याच नावावरून आलं. पुढे टेलीटाईप यंत्रं आली. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक ठरलं : एका तारेवरून एकामागे एक खुणा कशा पाठवायच्या, याचा करार. या टेलीटाईपवरूनच लिनक्समध्ये पोर्टच्या नावात आजही 'टीटीवाय' ही अक्षरं असतात.

पडद्यामागे राहून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये मिळालं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या, दारावर बसून रेणू निवडणाऱ्या काल्पनिक प्राण्यावरून ते घेतलं. वर्गात हे सांगितलं की हमखास विचारलं जातं, "म्हणजे शैतान का, सर?" नाही. गोष्टींतला आज्ञाधारक जिन्न म्हणा : दिसत नाही, पण सांगितलेलं काम करत राहतो.

माझी चूकही याच इतिहासात बसते. पूर्वी माणूस टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरशी जोडलेला असे. फोन तुटला की युनिक्स त्याच्या प्रोग्रॅमना 'हँगअप' असा इशारा देई, आणि ते बंद पडत. मालकच गेला, तर मागे पसारा कशाला? फोन गेले, इशारा राहिला. मी खिडकी बंद केली, म्हणजे युनिक्सच्या भाषेत फोन ठेवला.

म्हणून नोंदीचं काम खिडकीवर नाही, सेवेवर सोपवायचं. लिनक्सवर आता ते बहुधा २०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडीकडे असतं. आम्ही त्याला सांगितलं ते असं : कॉम्प्युटर सुरू होताच कामाला लाग, पडलास तर पुन्हा उठ. दोन्ही टोकांचा वेग एकच, ९६०० बॉड. तो चुकला तर आकड्यांऐवजी कचरा येतो. यूएसबीची तार काढून लावली की पोर्टचं नाव बदलू शकतं, म्हणून यंत्राच्या ओळखीवरून ठरणारं कायमचं नाव द्यायचं. सेवेला पोर्ट वाचायची परवानगी हवी; डेबियनमध्ये त्या गटाचं नाव 'डायलआउट', पुन्हा टेलिफोनचीच आठवण. प्रत्येक ओळीवर तारीख-वेळ, कारण वेळेविना आकडा साक्ष देत नाही. आणि रोज नवी फाईल, जुन्या दाबून ठेवायच्या, नाहीतर डिस्क भरते आणि कारकुनाची लेखणी थांबते.

मग मुलांनी मुद्दाम तार काढली, वीज घालवली, खिडकी बंद केली. प्रत्येक वेळी कारकून परत जागेवर आला.

तरीही रोज सकाळी सातला एक मूल मोजपात्र डोळ्यांनी वाचतं आणि वहीत लिहितं. "सेवा चालू आहे ना, मग वही कशाला?" असं त्यांनी विचारलंच. मी त्यांना १८५९ सालचा तो कागद सांगितला, ज्याच्या बाहेर ठिपका निघून गेला होता. आता पाळीची यादी फळ्यावर लागली आहे. चौदा नावं आहेत, रोज दोघं.