बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर



आपल्या घरांत पाळीला अजूनही ‘अडचण’ म्हणतात. अंगावरून जास्त जातंय, ओटीपोट दुखतंय, हे आपण जावेला सांगतो, बहिणीला सांगतो, पण डॉक्टरला सांगायला महिने लावतो. हा संकोच फार जुना आहे. आणि तो मोडायला निघालेली पहिली बाई मराठीच होती.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म 1865 चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. 1883 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डावर त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने गाठलं. फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हत्या.

1886 मध्येच मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुढे डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांना तपासलं.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, 1948 पर्यंत. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातची. नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज 1988 मध्ये आलं, लातूरला 2002 मध्ये. आज दोन्ही शहरांत लेडी डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर आहे.

तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडलं ते आठवा. 2019 मध्ये सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येकींची तिशी-पस्तिशीतच. फडावर पाणी नाही, संडास नाही, खाडा पडला की दंड. दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची. अंडाशयही गेलं तर पाळी वेळेआधीच बंद होते, हाडं ठिसूळ होतात.

आपल्याला खाड्याची भीती नाही. आपल्याला अडवते ती लाज आणि ‘चातुर्मास होऊ दे, मग बघू’ ही सवय. जास्त रक्त जात असताना उपवासांची रांग लावली तर अशक्तपणा वाढतोच.

म्हणून लक्षात ठेवा. दर तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा पाळी आठवड्यापेक्षा जास्त चालत असेल, दोन पाळ्यांमध्ये किंवा संबंधानंतर रक्त येत असेल, पांढऱ्या पाण्याला वास असेल, छातीत गाठ लागत असेल, लघवी आवरत नसेल, तर लवकर दाखवा. पाळी गेल्यावर पुन्हा एक डागही दिसला तर थांबू नका. मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल तर तिलाही न्या. दिवस गेल्याची शंका आली की लगेच जा. काहीच त्रास नसला तरी तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर ‘का?’ विचारा, ‘औषधाने होईल का?’ विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. विचारायची लाज वाटू देऊ नका.