दोन दिवसांची मुंबई धम्मयात्रा : लोकल, बेस्ट आणि मेट्रोचा कोणता पास घ्यावा?

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून अनेक कुटुंबे वर्षभर मुंबईला येतात. चैत्यभूमीला अभिवादन, राजगृहाचे दर्शन, जमले तर कान्हेरी लेणी आणि गोराईचा पगोडा असा साधारण दोन दिवसांचा बेत असतो. गावाकडून येण्याजाण्याचा खर्च आधीच ठरलेला असतो. वाढतो किंवा वाचतो तो शहरातल्या फिरण्याचा खर्च. "पास काढला की स्वस्त पडते" असे सगळेच सांगतात, पण ते नेहमी खरे नसते. पास घेण्याआधी आपण किती वेळा गाडीत चढणार आहोत ते मोजावे. उत्तर त्या आकड्यात असते.

मुंबईत सगळीकडे चालणारा एकच पास नाही

लोकल रेल्वेची, बेस्ट बस बेस्ट उपक्रमाची, आणि मेट्रोच्या मार्गिकाही वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. त्यामुळे एकाचा पास दुसरीकडे चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'मुंबई वन' ॲपवर या सर्वांची तिकिटे एका ठिकाणी काढता येतात, परंतु तो सर्वत्र चालणारा पास नव्हे.

थोड्या दिवसांच्या पाहुण्यांच्या उपयोगाचे तीन पास असे :

१) लोकलचे टुरिस्ट तिकीट. एक, तीन किंवा पाच दिवसांचे मिळते. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर कितीही वेळा प्रवास करता येतो. दुसऱ्या वर्गाचे एका दिवसाचे तिकीट साधारण ८० रुपयांच्या, तीन दिवसांचे १२० रुपयांच्या आणि पाच दिवसांचे १४० रुपयांच्या घरात आहे. दोन दिवस राहायचे असेल तर एका दिवसाची दोन तिकिटे काढण्यापेक्षा तीन दिवसांचे एक स्वस्त पडते. दुसऱ्या वर्गाच्या या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात, एसी लोकलमध्ये किंवा मेल-एक्स्प्रेस गाडीत बसता येत नाही.

२) बेस्टचा एका दिवसाचा पास. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतर तो ७५ रुपयांना आहे. साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि एसी बसचे १२ रुपये झाले आहे.

३) मेट्रो २ अ आणि ७ चा अमर्याद प्रवासाचा पास. एका दिवसाचे ८० रुपये, तीन दिवसांचे २०० रुपये. हा पास अंधेरी ते दहिसर या पट्ट्यातल्या दोन मार्गिकांपुरताच आहे. घाटकोपर–वर्सोवा मेट्रो किंवा आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ यांवर तो चालत नाही.

पहिला दिवस : दादर, परळ, फोर्ट

आता हिशेब करू. मुक्काम दादरला आहे असे धरू. हिंदू कॉलनीतील राजगृह दादर स्थानकाच्या पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चैत्यभूमी पश्चिमेला, चालत वीस-पंचवीस मिनिटे. वयस्कर माणसे सोबत असतील तर बसने जाता-येता प्रत्येकी २० रुपये.

बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात जिथे राहिले ती बीआयटी चाळ परळला आहे. मध्य मार्गावर परळ हे दादरच्या पुढचेच स्थानक. तिथे आजही कुटुंबे राहतात, म्हणून मोठा घोळका आणि घोषणा टाळाव्यात. परळहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालय पायी गाठता येते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली ते सुरू केले. तिथून लोकलने परत दादर.

लोकलचे तीन प्रवास झाले. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये, म्हणजे १५ रुपये. बसचे २० धरले तरी माणशी ३५ रुपये. इथे ८० रुपयांचे टुरिस्ट तिकीटही नको आणि ७५ रुपयांचा बस पासही नको.

दुसरा दिवस : कान्हेरी आणि गोराई

दादरहून बोरिवलीला जाण्या-येण्याचे दुसऱ्या वर्गाचे भाडे २० ते ३० रुपये. कान्हेरी लेणी बोरिवली पूर्वेच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानाचे प्रवेश तिकीट, आतली बस आणि लेण्यांचे तिकीट यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा बेत आखताना वार पाहावा.

ग्लोबल विपश्यना पगोड्यासाठी बोरिवली पश्चिमेहून बसने गोराई खाडीच्या जेटीवर जायचे आणि बोटीने पलीकडे. बोटीचे तिकीटही स्वतंत्र. कान्हेरी आणि पगोडा एका दिवसात करायचे तर सकाळी लवकर निघावे.

लोकल आणि बस धरून माणशी साधारण ५० रुपये. या दिवशीही पास वसूल होत नाही. दोन दिवसांचा लोकलचा खर्च माणशी ४५ रुपयांच्या आसपास, तर तीन दिवसांचे टुरिस्ट तिकीट १२० च्या घरात. चौघांच्या कुटुंबात हा फरक तीनशे रुपयांचा होतो. तेवढ्यात सगळ्यांचे एक वेळचे जेवण निघते.

मग पास केव्हा घ्यावा?

बेस्टचा पास दिवसात १० रुपयांच्या आठ फेऱ्या होणार असतील तर, किंवा एसी बसच्या २० रुपयांच्या टप्प्याच्या चार फेऱ्या होणार असतील तर परवडतो. नातेवाइकांकडे, रुग्णालयात, बाजारात दिवसभर बसने फिरणाऱ्यांसाठी तो योग्य.

लोकलचे टुरिस्ट तिकीट कल्याण, विरार किंवा पनवेलसारख्या लांबच्या ठिकाणी मुक्काम असेल आणि रोज दोन-तीनदा शहरात यावे लागत असेल तर उपयोगी. प्रत्येक वेळी तिकीट खिडकीच्या रांगेत उभे राहणे वाचते, हाही फायदा आहे.

मेट्रोचा पास अंधेरी किंवा दहिसर भागात राहणाऱ्यांनीच विचारात घ्यावा. मेट्रो ७ वरील 'राष्ट्रीय उद्यान' स्थानक उद्यानाजवळ आहे. मात्र फक्त कान्हेरीला जाऊन यायचे तर साधे तिकीटच पुरे.

आठ-दहा दिवस एकाच मार्गाने जाणे-येणे असेल, जसे रुग्णासोबत राहणाऱ्यांचे असते, तर लोकलच्या मासिक पासाची चौकशी करावी. महिना पूर्ण झाला नाही तरी तो स्वस्त पडू शकतो.

तिकिटाबाबत लक्षात ठेवावे

ज्या ठिकाणाहून परत त्याच स्थानकावर यायचे आहे, तिथे रिटर्न तिकीट काढावे, म्हणजे दुसरी रांग टळते. एकेरी तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे काढावे. एसटीत महिलांना मिळणारी निम्मी सवलत आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास लोकल किंवा बेस्टला लागू नाही. रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, त्यामुळे वेळ हाताशी ठेवावा.

६ डिसेंबरला येत असाल तर

महापरिनिर्वाण दिनी शिवाजी पार्क परिसरातील रस्ते वाहनांसाठी बंद किंवा वळवलेले असतात. बहुतेक वेळ रांगेत आणि पायी जातो, म्हणून त्या दिवशी बस पासाचा फारसा उपयोग होत नाही.

या दिवशी रेल्वे प्रवास मोफत असतो हा समज चुकीचा आहे. विशेष गाड्या सोडल्या जातात, पण तिकीट लागतेच. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड होतो. लोकलच्या पाच रुपयांच्या तिकिटासाठी हा भुर्दंड नको, आणि आपल्या गर्दीकडे बोट दाखवायला टपलेल्यांना ती संधीही नको. गावाहून निघतानाच घरातल्या प्रत्येकाकडे सुटे पैसे द्यावेत, तिकीट ज्याचे त्याच्याजवळ असावे आणि चुकामूक झाल्यास भेटण्याचे ठिकाण ठरवून ठेवावे.

भाडी बदलत असतात, म्हणून निघण्याआधी एकदा खात्री करावी. हिशेबाची रीत मात्र तीच राहील : आधी ठिकाणे लिहा, मग फेऱ्या मोजा, आणि शेवटी पासाची किंमत विचारा.

जय भीम.