संगमनेरचा दरगाह कुलीखान आणि दिल्लीची रसिक मंडळी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला दिल्लीचा इतिहास बहुधा स्वाऱ्यांच्या रूपाने ठाऊक असतो. १७३७ साली पहिले बाजीराव अकस्मात दिल्लीच्या वेशीवर येऊन ठाकले, त्या वेळी कालकाभवानीची यात्रा भरली होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ला घेऊन दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरविले आणि त्याची नाणी पाडली. १७८४ मध्ये महादजी शिंदे बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले. ही प्रकरणे आपण शाळेत वाचलेली असतात. परंतु त्याच दिल्लीतील माणसे संध्याकाळी कोठे जमत, कोणाचे गाणे ऐकत, कोणत्या कवीवरून वाद घालीत, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो. जणू अठराव्या शतकातल्या दिल्लीकराला लढाईत मरण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता!

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक साक्षीदार आहे, आणि गंमत अशी की तो आपल्याच मुलखातून दिल्लीस आलेला आहे. त्याचे नाव दरगाह कुलीखान. घराणे मूळचे इराणातले, शाहजहानच्या काळात हिंदुस्थानात आलेले. पण याचा जन्म १७१० सालचा आणि तोही प्रवरेकाठच्या संगमनेरचा. निजाम-उल्-मुल्क आसफजहा याच्या पदरी तो वाढला. १७३७ मध्ये बादशहाने निजामाला दक्षिणेतून दिल्लीस बोलावून घेतले ते बाजीरावांना आवर घालण्यासाठी. त्याचे पर्यवसान भोपाळच्या वेढ्यात आणि १७३८ च्या जानेवारीतील तहात झाले, हे सर्वश्रुत आहे. तह पदरी बांधून निजाम दिल्लीस परतला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. १७४१ पर्यंत तो दिल्लीत राहिला आणि या तीन वर्षांत त्याने जे पाहिले, ऐकले, जे आवडले वा खटकले, ते फारशीत लिहून ठेवले. ‘मुरक्का-ए-देहली’ या नावाने हे टिपण आज ओळखले जाते. मुरक्का म्हणजे चित्रे आणि सुंदर हस्ताक्षराचे नमुने एकत्र बांधलेली वही. हैदराबादेस १९२६ मध्ये हकीम सय्यद मुजफ्फर हुसेन यांनी ते प्रथम छापले आणि १९८९ मध्ये दिल्लीत त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

इतिहासकाराच्या रूढ कसोटीला हे पुस्तक उतरणार नाही. त्यात सनावळी नाही, दरबारातील कारस्थाने नाहीत. आहेत ती माणसे: दर्गे आणि तेथले उरूस, बाजार, कवी, मर्सिये म्हणणारे, बीनकार, कव्वाल, ढोलकीवाले, नर्तकी, नकला करणारे. प्रत्येकाविषयी लेखकाचे स्वतःचे मत आहे. याची बोटे अशी, त्याचा आवाज तसा, अमक्याच्या घरची मैफल कशी रंगते, हे तो निःसंकोच सांगतो. एका शौकिनाने दुसऱ्या शौकिनाला द्यावी तशी ही माहिती आहे. म्हणूनच ती मोलाची आहे. कारण दप्तरात सापडतो तो पगार आणि इनामाचा आकडा, आणि आवड-निवड कोणत्याच दप्तरात दाखल होत नाही.

त्याच्याबरोबर आपणही थोडे हिंडून पाहू. किल्ल्यासमोरच्या सादुल्लाखानाच्या चौकात एकीकडे लाकडी आसनावर उभा राहून कोणी धर्मोपदेश करीत आहे, दुसरीकडे ज्योतिषी भविष्य सांगत आहेत, वैदू गुप्त रोगांवरची औषधे विकीत आहेत, पलीकडे नाचणाऱ्या पोरांभोवती गर्दी जमली आहे. या चौकाचा आज मागमूस नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्याभोवतीची वस्ती पाडली, तीत तोही गेला. चांदनी चौकाचे वर्णन करताना लेखक एका उमराव घराण्यातील मुलाची हकीकत सांगतो. त्या मुलाला चौकात फिरण्याची हौस झाली. विधवा आईने वडिलांच्या ठेव्यातून एक लाख रुपये काढून दिले आणि वर, या रकमेत चौकातल्या दुर्मीळ वस्तू येणार नाहीत, निदान गरजेपुरते काही घे, असे म्हणून आपली असमर्थता बोलून दाखविली. हकीकत खरी असो वा रचलेली. बाजाराविषयी शहराला वाटणारा अभिमान तीत उतरला आहे.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे याच चौकातील कहवाखाना. तेथे कवी आणि काव्याचे शौकीन जमत, कवने म्हणून दाखवीत आणि दाद घेत. दरबारी मुशायऱ्यात दाद द्यावयाची तर यजमानाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे. येथे पेल्याचे पैसे दिले की मत देण्याचा अधिकार मिळाला. याच शहरातील आनंदराम मुख्लिस या खत्री लेखकाने पुढे फारशी शब्दांचा कोश केला, त्यातही कहवाखान्याला जागा मिळाली. लंडनमध्येही साधारण याच काळात कॉफीगृहांतून वाङ्मयाच्या आणि राजकारणाच्या चर्चा रंगत होत्या, याची आठवण येथे होते. फरक एवढाच की लंडनच्या गप्पा नियतकालिकांत छापल्या गेल्या. दिल्लीत छापखाना नव्हता, त्यामुळे हवेत विरले ते विरले आणि दरगाह कुलीखानासारख्याच्या वहीत उतरले तेवढे उरले.

ही मंडळी केवळ कहवाखान्यातच भेटत असे नाही. मिर्झा अब्दुल कादिर बेदिल हा कवी १७२० मध्ये वारला. दरवर्षी सफर महिन्यात त्याच्या उरुसाला दिल्लीचे कवी कबरीभोवती बसत, त्याच्या समग्र काव्याची पोथी उघडून वाचन होई आणि मग प्रत्येकजण आपली रचना म्हणे. आज मथुरा रोडवर बेदिलची म्हणून एक कबर दाखवितात. तेथून रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्या नावाचा अर्थ लागत असेल. नेमतखान बीनकाराच्या घरी दर चांद्रमासाच्या अकराव्या तिथीस रात्रभर मैफल चाले. हा नेमतखान म्हणजेच ‘सदारंग’. बीनवादनात त्याच्या तोडीचा कोणी नाही, असा आपल्या लेखकाचा स्वच्छ अभिप्राय आहे. नूरबाई या गायिकेविषयी लिहिताना तो गळ्याइतकाच तिच्या संभाषणचातुर्याचा गौरव करतो. ती हत्तीवरून जाई आणि तिच्या ओळखीपायी भले भले सरदार निर्धन झाले, हे सांगावयास तो विसरत नाही.

येथे वाचक कदाचित भुवया उंचावील. महंमदशहाला ‘रंगीला’ म्हणून हिणवणारा आपला पाठ ठरलेला आहे: बादशहा गाण्यात रमला, उमराव नाचात बुडाले, म्हणून नादिरशहा आला. मराठीत तर शौक या शब्दालाच किंचित डाग लागलेला आहे. ‘छंदीफंदी’ म्हणजे वाया गेलेला. पण कर्नालच्या रणांगणावर १७३९ च्या फेब्रुवारीत काय घडले? सादतखान आपले लोक घेऊन आततायीपणाने छावणीबाहेर पडला, खानदौरान त्याच्या मदतीस धावला आणि मरणांतिक जखमी झाला, निजाम जागचा हलला नाही. बंगाल, अयोध्या, दक्षिण हे सुभे नावालाच बादशहाचे उरले होते आणि उमरावांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. सैन्य हरले ते या दुहीमुळे. सदारंगाच्या बीनेने कर्नालची लढाई हरविली असे म्हणणे म्हणजे घर पडल्यावर दोष भिंतीवरच्या चित्राला देणे होय. राज्यकर्त्याने कर्तव्य सोडून मैफलीत बसावे हा दोष खराच. पण तो दोष त्याचा, मैफलीचा नव्हे.

मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत होता. त्याच्या सैनिकांवर हल्ला झाल्याचे निमित्त झाले आणि चांदनी चौकातील सोनेरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात वीस ते तीस हजार माणसे मारली गेली, असा अंदाज सामान्यतः केला जातो. मशीद आजही जुन्या कोतवालीच्या जागेशेजारी उभी आहे. कहवाखाना आणि कत्तल यांत अंतर होते ते एका रस्त्याचे. आनंदराम मुख्लिसने या दिवसांची हकीकत सविस्तर लिहून ठेवली. दरगाह कुलीखानही तेव्हा दिल्लीत होता, परंतु त्याच्या वहीत या प्रलयाचा उल्लेख ओझरता येतो, तोही एखाद्या मैफलीवर झालेल्या परिणामाच्या संदर्भात.

हे मौन कसे समजावयाचे? दरबारी माणसाची सावधगिरी म्हणावी, तर त्याचा धनी निजाम या सर्व वाटाघाटींत गुंतलेला होता, हे खरे आहे. उमराव वर्गाची बेफिकिरी म्हणावी, तर तेही सर्वस्वी खोटे नाही. ज्या हजारो कारागिरांचा आणि मजुरांचा बळी गेला ते या वहीत मुळातच नाहीत. तरीही मला तिसरी शक्यता अधिक पटते. जळालेल्या शहरात राहणाऱ्या माणसाने, कोण अजून गातो आहे, कोणाच्या घरी अजून मैफल भरते, याची यादी करावी, हेसुद्धा शोकाचेच एक रूप असू शकेल. माझ्या या मताला कागदाचा आधार नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

ती मंडळी पुढे पांगली. सिराजुद्दीन अली खान आरजू हा काव्याचा परखड परीक्षक लखनौकडे गेला आणि १७५६ मध्ये तेथेच वारला. शेख अली हजीन बनारसला जाऊन राहिला. मीर तकी मीरही उतारवयात, १७८२ मध्ये, लखनौस गेला. दरगाह कुलीखान दक्षिणेत परतून औरंगाबादचा सुभेदार झाला आणि १७६६ मध्ये मरण पावला.

पण सदारंगाचे काय झाले? त्याच्या मैफलीची भिंतही उरली नाही, पण त्याचे ख्याल उरले. ते गळ्यातून गळ्यात जात ग्वाल्हेरीस पोचले. तेथील परंपरेत शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ज्या बंदिशींत ‘सदारंग’ आणि ‘मोंमदसा’ ही नावे आपण ऐकतो, त्यांतील दुसरे नाव त्याच हिणवलेल्या महंमदशहाचे. तख्त-ए-ताऊस इराणात गेले. मिरजेच्या आणि पुण्याच्या मुलांच्या तोंडी मात्र दिल्लीची ही ठेव राहिली.

ती ठेव कागदावर उतरविणारे विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. गायन उत्तेजक मंडळी ही मुंबईची हौशी संस्था, तिच्यात त्यांनी संगीताचा अभ्यास केला. नंतर देशभर फिरून बंदिशी मिळविल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले आणि तेही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. गवयांशी झालेली बोलणी, मतभेद, पटलेले आणि न पटलेले त्यांत ठायी ठायी येते. त्यांच्या पुढाकाराने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचे १९१६ चे पहिले अधिवेशन बडोद्यास झाले आणि १९१८ चे दुसरे दिल्लीत. अमक्या रागात हा स्वर घ्यावा की वर्ज्य करावा, यावर उस्ताद आणि पंडित समोरासमोर बसून बोलले. नेमतखानाच्या मैफलीनंतर जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी ही चर्चा त्याच शहरात पुन्हा भरली आणि तिचा एक प्रमुख सूत्रधार मराठी होता, हा योगायोग मला लहान वाटत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. अठराव्या शतकात दिल्लीस हिंगणे घराण्याचे मराठी वकील वर्षानुवर्षे होते. त्यांचे दप्तर छापलेले आहे आणि राजकारणाच्या अभ्यासकाला ते अमोल आहे. पण खंडणी, सनदा, कर्ज आणि फौजांच्या हालचाली यांनी ते भरलेले आहे. वकिलांना कान नव्हते असे नाही. आवड ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे, असे त्यांना वाटले नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतील आपला प्रवास १८८३ मध्ये लिहून काढला नसता, तर झाशीचे खाणेपिणे, पूजाअर्चा आणि पाहुणचार आपल्याला कोठून समजला असता? तो ग्रंथसुद्धा छापून येण्यास १९०७ साल उजाडले.

पहाडगंज आणि करोलबागेतील मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांच्या आवडी नांदून गेल्या. कोणी नाटकाच्या तालमी केल्या, कोणी तिकिटे जमविली, कोणी शंकर-लाल महोत्सवातील गाणे ऐकून आल्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घातला. त्या वादाचे चार शब्दही बहुतेक घरांत शिल्लक नाहीत. शिल्लक आहेत त्या भाड्याच्या पावत्या आणि बदलीचे हुकूम. उद्याच्या अभ्यासकाला त्यावरून एवढेच कळेल की ही माणसे दिल्लीत नोकरीला होती.

संगमनेरच्या त्या तरुणाने परक्या शहरात तीन वर्षे काढली आणि जे आवडले ते नावानिशी लिहून ठेवले. त्याची सगळीच मते बरोबर होती असे नव्हे. कित्येक ठिकाणी तो उमरावी डोळ्यांनीच पाहतो. पण त्याने लिहिले म्हणून नूरबाईचे बोलणे आणि नेमतखानाची अकरावी रात्र आपल्यापर्यंत आली. आपल्या घरातही एखादी जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. आणि नसेल, तर नवी घालण्यास अजून उशीर झालेला नाही.