कोश आणि लोकभाषा

शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, तेव्हा दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. नव्या राज्याला आपली वाणीही स्वतंत्र हवी होती. पुढे अडीच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, ज्या बंगळुरास शहाजीराजांची जहागीर होती, त्याच नगरीत कोशरचनेचा एक निराळा उद्योग आरंभला गेला.

१९१५ साली बंगळुरास कन्नड साहित्याची परिषद स्थापन झाली. त्या वेळी कन्नड भाषिक समाज म्हैसूर, मुंबई, मद्रास, हैदराबाद आणि कुर्ग अशा निरनिराळ्या राजवटींत विखुरलेला होता. प्रांत एक नव्हता. भाषा मात्र एक होती. फर्डिनांड किटेल या जर्मन मिशनऱ्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला होता. मराठीत मोल्सवर्थने १८३१ साली केले, तसेच हे कार्य. परंतु कन्नड शब्दाचा अर्थ कन्नडातच सांगणारा बृहत्कोश अद्याप व्हावयाचा होता. मराठीत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ या काळात ते काम केले; कन्नडाकरिता परिषदेने ते १९४०च्या दशकात हाती घेतले.

या कोशाने शब्द कसे असावेत हे ठरविले नाही. ते कसे योजले गेले हे पाहिले. शिलालेखांपासून आधुनिक ग्रंथांपर्यंत धांडोळा घेऊन प्रत्येक अर्थाला वापराचा दाखला जोडण्यात आला. जी. वेंकटसुब्बय्या यांच्यासारख्या विद्वानांनी त्यात उमेदीची वर्षे वेचली. १९५६ साली कन्नड प्रदेश एका राज्यात आले, तरी काम चालूच होते. पहिला खंड १९७० साली, तर आठवा आणि अखेरचा १९९५ साली निघाला.

राज्यव्यवहारकोशाने मराठी राज्याला स्वत्वाची जाणीव दिली, हे खरे. तथापि अर्ज, जमीन, वकील हे शब्द मराठी माणसाच्या तोंडून गेले नाहीत. कन्नडातून आलेले अण्णा, अक्का आणि अडकित्ताही घरात कायमचे राहिले. भाषेचे स्वत्व परके शब्द वगळून सिद्ध होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जे शब्द आपले म्हणून वापरले, त्यांची प्रामाणिक नोंद ठेवणे हेच कोशकाराचे राष्ट्रकार्य होय.