निळ्या कागदाची साक्ष

इ. स. १९६० च्या आक्टोबरांत अटलांटा येथील वर्णभेदविरोधी सत्याग्रहांत मार्टिन ल्यूथर किंग यांस अटक झाली; जुन्या वाहन-खटल्याचें निमित्त होऊन सक्तमजुरीहि झाली. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांनीं किंग यांच्या पत्नीस दूरध्वनीवरून धीर दिला. प्रतिस्पर्धी निक्सन यांनीं मौन धरिलें. परंतु दक्षिणेंतील गोऱ्या मतदारांच्या धास्तीनें केनेडींनींहि जाहीर वाच्यता बेताचीच केली. त्यांच्या प्रचारकांनीं हा वृत्तान्त निळ्या कागदावर छापून, प्रकाशक म्हणून निराळ्याच समितीचें नांव घालून, निवडणुकीपूर्वींच्या रविवारीं कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्तमंदिरांतून वांटला. देशभरांत केनेडी सुमारें १ लाख १३ हजार मतांनींच पुढें राहिले. उमेदवाराचें धैर्य व त्याची भीति आम्हांस या एकाच पत्रकांत दिसते: धैर्य मजकुरांत, भीति प्रकाशकाच्या नांवांत. म्हणून संग्राहकांनीं असले चिटोरे टाकूं नयेत.