खळ आणि भाकरी

सुताचें फूल विणणें ही एक कला आणि तें फूल ताठ उभें ठेवणें ही दुसरी. क्रोशाच्या आंकड्यानें विणलेली तारका, घंटा किंवा लहानशी टोपली आंकड्यावरून उतरते तेव्हां ती मलूल पानासारखी पडून राहते. विणणारीनें पाकळी कितीही रेखीव घातली असली तरी सूत तिचा आकार धरून ठेवीत नाहीं. लवचिकपणा हाच सुताचा धर्म होय. म्हणून ती वस्तु खळींत बुडवावयाची, हलक्या हातानें पिळावयाची, पाटावर पसरून तिचें एकेक टोंक टांचणीनें ताणून बसवावयाचें आणि वाळूं द्यावयाची. घंटा असेल तर ती पेल्यावर पालथी घालावयाची, टोपली असेल तर वाटीवर. युरोप-अमेरिकेंत नाताळच्या झाडावर टांगण्याच्या शुभ्र हिमतारका अशाच तयार होतात. आणि सुती लुगड्याला साबुदाण्याची खळ किंवा भाताची पेज देणाऱ्या आपल्या गृहिणींना यांतील तत्त्व निराळें शिकविण्याचें कारण नाहीं.

तें तत्त्व थोडक्यांत असें. धान्याच्या पिठांतील पिष्टाचे सूक्ष्म कण थंड पाण्यांत विरघळत नाहींत. ते तळाशीं बसतात. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलें कीं ते फुगतात, फुटतात आणि त्यांची चिकट लापशी होते. ही लापशी सुताच्या तंतूंमध्यें शिरते, आणि वाळतांना पाणी उडून गेलें म्हणजे तंतूंना एकमेकांशीं जखडून टाकणारा पातळ पापुद्रा मागें राहतो. कापसाचा तंतु आणि धान्याचें पिष्ट हीं दोन्ही एकाच द्राक्षशर्करेच्या सांखळ्यांचीं बनलेलीं असल्यामुळें त्यांची गट्टी लवकर जमते. कोणी साखरेचा दाट पाक वापरतात. पण तो दमट हवेंत ओशाळतो आणि मुंग्यांना आमंत्रण देतो. अलीकडे पांढरा कृत्रिम डिंक पाण्यांत कालवून हें काम करण्याची चाल पडली आहे. पण या डिंकाच्या आधींचीं सुमारें दोन हजार वर्षें माणसानें सूत ताठ केलें तें मुख्यतः धान्यानें. आणि शोभेच्या वस्तूला धान्य लागूं लागलें कीं भुकेचा प्रश्न तिच्या पाठोपाठ येतो.

खळीची ओळख जगाला फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत विणकराविषयीं एक नियम आहे: त्यानें दहा पळें सूत घेतलें असेल तर कापड अकरा पळें भरलें पाहिजे. हें वाढीव पळ कोठून आलें? टीकाकार सांगतात कीं तें पेजेचें, म्हणजे खळीचें, वजन होय. रोमन लोकांत केटो यानें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यांत गव्हाचें सत्त्व काढण्याची कृति दिली आहे. गहूं अनेक दिवस भिजवावे, कुटून गाळावे, सत्त्व उन्हांत वाळवावें, ही रीत वाचतांना आपल्याकडील कुरडयांच्या चिकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. प्लिनी म्हणतो कीं हा शोध किऑस बेटांतील लोकांचा. आणि जात्यावांचून होणारें पीठ म्हणून त्याला ‘अमायलम’ हें ग्रीक नांव मिळालें.

परंतु खळीवरून राज्यांत वाद माजले ते एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्यें. तेव्हां स्त्रीपुरुषांच्या गळ्याभोंवतीं तलम कापडाच्या, कित्येक वार लांबीच्या चुण्यांची वर्तुळाकार झालर असे. तिला ‘रफ’ म्हणत. ही झालर आरंभीं इतकी विस्तारली नव्हती; कारण तेवढें कापड स्वतःच्या बळावर उभें राहणें शक्यच नव्हतें. १५६४ सालीं डिंगेन व्हॅन डेन प्लास नांवाची फ्लेमिश स्त्री पतीसह लंडनला आली आणि तिनें कपड्याला खळ देण्याचा धंदा मांडला. खळ कशी द्यावी हें शिकविण्याचे ती चार-पांच पौंड घेई आणि खळ कशी शिजवावी हें शिकविण्याचे वीस शिलिंग. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हे. तरी सरदारघराण्यांतील स्त्रिया आपल्या मुलींना तिच्याकडे पाठवीत. पुढें दहाएक वर्षांत चुण्या बसविण्यासाठीं तापवून वापरावयाच्या पोलादी सळया निघाल्या, आणि झालरी वाढतां वाढतां खांद्यांच्याही बाहेर गेल्या.

फिलिप स्टब्ज या कडव्या नीतिवाद्यानें १५८३ च्या आपल्या ग्रंथांत या झालरींवर तोंडसुख घेतलें. खळ ही त्याला सैतानाचीच करणी वाटे, आणि पावसाची एक सर आली कीं हा सारा डौल ओल्या फडक्यासारखा लोंबतो हें सांगतांना त्याच्या आनंदाला पारावार राहत नाहीं. स्टब्जचा रोष गर्वावर होता. पण दहा-बारा वर्षांनीं त्याच्यापेक्षां खरा प्रश्न उभा राहिला. खळीला गहूं व गव्हाचा कोंडा लागे. आणि १५९४ पासून इंग्लंडांत लागोपाठ चार सुगी बुडाल्या. गरिबांना भाकरी मिळेना, आणि श्रीमंतांच्या गळ्यांतील चुण्या मात्र गव्हावर ताठ उभ्या! अशा वेळीं सरकारनें काय केलें? खळ करण्याचा मक्ता मर्जींतल्या माणसांना देण्याची वाट त्यापूर्वींच पडलेली होती. धान्य वांचविण्यासाठीं धंद्याला आळा हवा हें कारण पुढें करावयाचें आणि तोच आळा विकून पैसा करावयाचा, असा तो व्यवहार. १६०१ च्या पार्लमेंटांत मक्त्यांविरुद्ध जो गदारोळ झाला त्यांत मीठ व व्हिनेगर यांच्या बरोबरीनें खळही होती. आणि नोव्हेंबर महिन्यांत राणीला जाहीरनामा काढून असे अनेक मक्ते रद्द करावे लागले. राजसत्तेच्या अधिकाराला प्रजेनें घातलेल्या मर्यादांचा इतिहास लिहितांना या प्रसंगाला मोठें स्थान दिलें जातें. त्याच्या मुळाशीं ज्या वस्तु होत्या त्यांत परटिणीच्या भांड्यांतील खळही होती, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

यानंतर झालरी गेल्या, पण पिष्ट अलंकारांतून गेलें नाहीं. अठराव्या शतकांत तें केंसांवर चढलें. टोपांवर उधळण्याची पांढरी भुकटी ही बहुधा पिष्टाचीच असे. १७९५ सालीं, म्हणजे महागाईच्याच वर्षीं, पिटनें ती वापरणाऱ्यांवर दरसाल एक गिनी कर बसविला, आणि पाहतां पाहतां ती चाल मोडली. पुढें १८४० सालीं ऑरलँडो जोन्स यानें तांदळापासून क्षाराच्या साह्यानें खळ काढण्याची रीत शोधली. १८४२ मध्यें अमेरिकेंत टॉमस किंग्जफर्ड यानें मक्यापासून ती काढली. गहूं सुटला, खळ स्वस्त झाली.

याच सुमारास या कथेला एक वेगळें वळण लागलें. १८४५ सालीं आयर्लंडमध्यें बटाट्याच्या पिकावर रोग पडला. ज्या कंदापासून उत्तम पिष्ट निघतें आणि ज्यावर गरीब आयरिश कुटुंब जगत होतें तो कंद जमिनींतच कुजला. पुढील सहा-सात वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापांनीं मेलीं, तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. आणि त्या काळांतही आयर्लंडांतून धान्य व गुरें बाहेर जात होतीं. अशा दिवसांत कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन जोगिणी मुलींना क्रोशा शिकवीत होत्या. क्लोनिस गांवीं धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसंड्रा हॅन्ड यांनीं १८४७ सालीं हेंच काम हातीं घेतलें. एक बारीक आंकडा आणि सुताची गुंडी एवढ्यावर धंदा उभा राही. व्हेनिसच्या सुईनें केलेल्या लेससारखें काम याहून पुष्कळ कमी वेळांत होई. एक घर गुलाब विणी, दुसरें त्रिदळ पान, तिसरें जोडकामाची जाळी. आणि हे तुकडे जुळून लंडन-पॅरिसच्या बाजारांत जाण्याजोगी कॉलर तयार होई. त्या पैशावर कित्येक घरांत चूल पेटली.

हें चित्र रंगवून सांगणें सोपें आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विणणारीचा मोबदला थोडा असे, आणि तिची भाकरी दूरच्या शहरांतील स्त्रियांच्या लहरीवर अवलंबून असे. फॅशन बदलली कीं गांवचें काम थांबे. दानाऐवजीं मजुरी मिळाली हें खरें, पण ती न्यायानें मिळाली असें म्हणवत नाहीं.

तरी त्या आयरिश फुलांत एक गोष्ट लक्षांत राहण्यासारखी आहे. त्या बायका पाकळीच्या कडेला एक जाड दोरा आंत घेत आणि त्याच्यावर दाट टाके घालीत. त्यामुळें पाकळीला उठाव येई, आणि सारा भार खळीवर न टाकतां ती आपल्या अंगच्या बळानें आकार धरी. एलिझाबेथच्या दरबारांत सूत उभें राहिलें तें गव्हाच्या आधारानें. दुष्काळी आयर्लंडांत तें उभें राहिलें दुसऱ्या सुताच्या आणि विणणारीच्या बोटांच्या आधारानें. पहिल्या अलंकारानें भुकेल्याच्या ताटांतील घांस घेतला, दुसऱ्यानें अपुरा कां होईना, पण घांस दिला.

आज चमचाभर खळीनें एखादी तारका ताठ केली तर कोणाच्या तोंडचा घांस जात नाहीं, आणि कोणी तसा संकोच मानण्याचेंही कारण नाहीं. मात्र हौसेची किंमत तिच्या शोभेवरून ठरवितांना ती कोणाच्या ताटांतून आली आणि कोणाच्या ताटांत गेली, एवढी विचारपूस करण्याची संवय आपण ठेविली पाहिजे. मुलीला क्रोशा शिकवितांना टाक्यांच्या बरोबर हाही हिशेब तिच्या कानीं घालावा.