माहितीगळती आणि ग्राहकविश्वास

ग्राहकांनी व्यवहारापोटी दिलेली खासगी माहिती, म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख, बँक खात्याचे वा कार्डाचे तपशील, व्यवसायसंस्थेच्या ताब्यातून अनधिकृत व्यक्तींच्या हाती पडणे याला माहितीगळती म्हणतात. माहिती देताना ग्राहकाने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : संस्था माहिती जपेल आणि जपता आली नाही तर खरे काय ते वेळेवर सांगेल. यांतील दुसरे गृहीतक मोडले की विश्वासाला बसणारा तडा अधिक खोल असतो.

टॉकटॉक या ब्रिटिश दूरध्वनी व इंटरनेट कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्या १,५६,९५९ ग्राहकांचे तपशील चोरीला गेले व त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही त्यांत होते. हल्लेखोर ज्या जुन्या वेबपानांतून आत शिरले, ती २००९ मध्ये विकत घेतलेल्या टिस्काली कंपनीच्या ब्रिटनमधील व्यवसायाबरोबर आलेली होती आणि ती अजून चालू आहेत याचा टॉकटॉकला पत्ताच नव्हता. वापरलेली युक्ती एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ओळखली जाते. तीत वेबपानावरील रकान्यात साध्या मजकुराऐवजी डेटाबेसला उद्देशून आज्ञा लिहिली जाते आणि पुरेशी तपासणी नसल्यास डेटाबेस ती निमूटपणे पाळतो. ही युक्ती तेव्हाही जुनीच होती, आणि त्याच वर्षी जुलै व सप्टेंबरमध्ये कंपनीवर तसेच हल्ले होऊन गेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१६ मध्ये ४ लाख पौंड दंड केला.

ग्राहक दुरावण्यास मात्र चोरीनंतरचे वर्तनही कारणीभूत ठरले. आरंभी सर्वच, म्हणजे सुमारे ४० लाख, ग्राहकांना धोका असल्याचे सूचित करण्यात आले आणि माहिती सांकेतिक रूपात साठवली होती का, या प्रश्नाला मुख्याधिकारी डायडो हार्डिंग यांना ठाम उत्तर देता आले नाही. करार मोडून जाऊ पाहणाऱ्यांना, खात्यातून प्रत्यक्ष पैसे गेले असतील तरच मुदतपूर्व शुल्क माफ होईल, असे सांगण्यात आले. दोष कंपनीचा आणि शुल्क ग्राहकाला, असाच त्याचा अर्थ घेतला गेला तर नवल नाही. ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीत १,०१,००० ग्राहक कंपनी सोडून गेले व एकूण आर्थिक फटका सुमारे ६ कोटी पौंडांचा बसला.

तथापि सोडून गेलेल्यांच्या संख्येवरून विश्वासाचे मोजमाप करणे फसवे आहे, कारण पुष्कळ ठिकाणी सोडून जाण्याची सोयच नसते. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमापन संस्थेकडून (कर्जदारांच्या परतफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडून) सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली. त्यांतील बहुतेकांनी ती तिला स्वतः दिलेलीच नव्हती, बँकांनी परस्पर पुरवलेली होती.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील ऑगस्ट २०१८ चा सायबर हल्ला या संदर्भात वेगळा ठरतो. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून आणि पुढे हाँगकाँगमधील खात्यात रक्कम वळवून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, पण नुकसान बँकेचे असून ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने लगेच जाहीर केले. असा निर्वाळा पैशांबाबत देता येतो. फुटलेली जन्मतारीख कोणालाच भरून देता येत नाही, आणि तिचा गैरवापर काही वर्षांनीही होऊ शकतो.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली असेल, तर अनधिकृत व्यवहाराचा भार त्याच्यावर पडत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये गळतीची खबर बाधित व्यक्तींनाही देण्याचे बंधन आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. बाधित व्यक्तीला भरपाई देऊ करणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३-अ याच कायद्याने वगळण्याचे ठरवले आहे.